तेवीस जुलैच्या आगेमागे

तेवीस जुलैला रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेचा परिपाठ ऐका. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि सुविचार आटोपले की एक मूल पुढे येते आणि फळ्यावरचा दिनविशेष वाचते. १८५६, लोकमान्य टिळकांचा जन्म. १९०६, चंद्रशेखर आझादांचा जन्म. १९२७, मुंबईत रेडिओ केंद्राची सुरुवात. जुलै असल्यामुळे बहुधा पाऊस कोसळत असतो, मग भाषणे व्हरांड्यातच होतात. शेंगा आणि टरफलांची गोष्ट दर वर्षी कोणीतरी सांगतेच. टाळ्या होतात, मुले वर्गात जातात आणि तारीख संपते.

दिनविशेष हे मराठी माणसाचे लाडके सदर. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चौकट, भिंतीवरचे कॅलेंडर, स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकातली यादी आणि आता पहाटे मोबाइलवर येऊन पडणारा हातभर संदेश, अशी त्याची रूपे बदलत गेली, आवड तशीच राहिली. १९७३ पासून घराघरांत पोचलेल्या कालनिर्णयाचे जनक जयंतराव साळगावकर मालवणचे. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, त्यामुळे तारखांच्या नादाचा थोडा मान आपल्याकडेही येतो.

एका तारखेच्या खाली लिहिलेल्या या घटनांचा एकमेकींशी खरेच काही संबंध असतो का? हा प्रश्न मात्र परिपाठात कोणी विचारत नाही. माझे मत असे की बहुतेकींचा नसतो. एसटीत एका बाकावर बसलेल्या प्रवाशांइतकाच त्यांचा शेजार. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि इतिहासातल्या घटना लाखोंनी, तेव्हा कुठल्याही तारखेवर गर्दी होणारच. गणित तर सांगते की वर्गात नुसती २३ मुले असली तरी त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. पण काही तारखा अशा सापडतात की तिथे एक घटना दुसरीला ओढून आणते. रत्नागिरीची तेवीस जुलै त्यांतली आहे, आणि तिचा तो भाग नेमका फळ्यावर येत नाही.

सुरुवात अर्थातच टिळक आळीतून. तिथले टिळकांचे जन्मघर आज राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. घराणे मूळचे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे. वडील गंगाधरपंत शिक्षक, नोकरीनिमित्त रत्नागिरीत. २३ जुलै १८५६ रोजी मुलगा झाला आणि तो दहा वर्षांचा असताना, १८६६ मध्ये, वडिलांच्या बदलीबरोबर बिऱ्हाड पुण्याला गेले. म्हणजे हिशेबाने पाहिले तर रत्नागिरीच्या वाट्याला टिळकांची पहिली दहा वर्षे आली आणि एक तारीख आली. पुढचे सगळे पुणे, मुंबई आणि मंडाले यांच्या नावावर जमा आहे. आपण ती तारीख घट्ट धरून ठेवली, ते साहजिकच आहे. पण तारखेचे पुढे काय झाले तेही आपल्याच जिल्ह्याच्या हिशेबात धरले पाहिजे.

१९०८ साल. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर केसरीत आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. २४ जूनला अटक झाली, १३ जुलैला मुंबई हायकोर्टात सुनावणी सुरू झाली. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ च्या पहिल्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर तेच. टिळकांनी या वेळी स्वतःची बाजू स्वतःच मांडली आणि ज्युरीसमोर कित्येक दिवस मिळून एकवीस तासांच्या आसपास बोलले. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन होते, आणि २२ जुलैच्या रात्री निकाल आला तोही सात विरुद्ध दोन असाच. रात्री दहाच्या सुमारास दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंडाची शिक्षा सांगितली. त्याआधी काही बोलायचे आहे का असे विचारल्यावर टिळकांनी जे चार शब्द सांगितले, ते आज त्याच कोर्टाच्या भिंतीवर कोरलेले आहेत. ती पाटी बसली १९५६ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि तिचे अनावरण केले मुख्य न्यायमूर्ती छागलांनी.

बाहेर जमलेल्या लोकांना चुकवून टिळकांना त्याच रात्री खास गाडीने साबरमतीच्या तुरुंगाकडे नेले. घड्याळात बारा वाजले आणि तेवीस जुलै लागली तेव्हा त्यांच्या वयाला बावन्न वर्षे पूर्ण झाली. शिक्षा आणि वाढदिवस यांच्यामध्ये दोन तासांचे अंतर पडले, तेही कोर्टाचे काम रात्रीपर्यंत ओढल्यामुळे. याला निव्वळ योगायोग म्हणायला माझी हरकत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी मुंबईत जे घडले ते योगायोगात बसत नाही.

तेवीस तारखेपासून मुंबई बंद पडत गेली. कापडबाजार बंद झाला, गिरण्या एकामागून एक थांबल्या. शिक्षा सहा वर्षांची, म्हणून संप सहा दिवसांचा, वर्षाला एक दिवस, असा हिशेब लोकांनीच लावला आणि तो २८ जुलैपर्यंत पाळला. रस्त्यांवर दगडफेक झाली, लष्कर आले, गोळीबारात माणसे मेली. हिंदुस्थानातला हा पहिला मोठा राजकीय संप, असे कामगार चळवळीच्या इतिहासात लिहिले जाते.

हा संप केला कोणी? त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा होता रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा. भात काढून झाले की बोटीने मुंबई गाठायची, गावकीच्या खोलीत दहा-वीस जणांनी पाळीपाळीने झोपायचे, पगारातून मनिऑर्डर पाठवायची आणि शिमग्याला, गणपतीला परत यायचे, असा त्यांचा क्रम. संगमेश्वर, चिपळूण, खेड, राजापूर, लांजा, कुठलाही तालुका घ्या, लालबाग-परळच्या चाळीत त्याची खोली होतीच. जुलैच्या चौथ्या आठवड्यात या लोकांच्या घरी लावणी चाललेली. गावी बाया चिखलात उभ्या आणि नवरा मुंबईत बिनपगारी बसलेला, असे ते सहा दिवस होते.

इथे थोडे जपून लिहायला हवे. टिळक रत्नागिरीचे म्हणून हे लोक संपावर गेले, असे म्हणणे गावच्या अभिमानाला छान वाटेल, पण तसा पुरावा नाही. कामगारांत टिळकांचे नाव १९०८ च्या आधीच पोचले होते. दारूबंदीच्या चळवळीतून, मेळ्यांतून, गणेशोत्सवातून आणि केसरीच्या सामुदायिक वाचनातून ते गिरणगावात गेले होते. शिवाय पगाराच्या आणि कामाच्या तासांच्या तक्रारी होत्याच. तरी एक गोष्ट उरते. ज्या जिल्ह्याने तेवीस जुलैला टिळक दिले, त्याच जिल्ह्याच्या कष्टकऱ्यांनी बावन्न वर्षांनी त्याच तारखेला त्यांच्यासाठी हातातले काम टाकले. टिळकांवर भाषण करणाऱ्या मुलाच्या पणजोबांचा वडील त्या संपात असण्याची शक्यता चांगलीच आहे. शेंगांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट त्याला जास्त जवळची वाटेल.

या संपाची दखल फार लांब घेतली गेली. लेनिन तेव्हा जीनिव्हात होता. जगातल्या अशांततेचा आढावा घेणाऱ्या एका लेखात त्याने टिळकांच्या शिक्षेचा निषेध केला आणि मुंबईच्या कामगारांच्या संपाकडे बोट दाखवून हिंदुस्थानचा कामगार राजकीय लढ्याला उभा राहिला, असा निष्कर्ष काढला. तो लेख ‘प्रोलेटरी’ या पत्रात छापून आला, आणि त्यावरची तारीख पाहिली की गंमत वाटते: २३ जुलै १९०८. संप सुरू झाला त्याच दिवशी जीनिव्हात लेख कसा छापून आला? उत्तर पंचांगात आहे. रशियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चालत होते आणि ते आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे होते. लेनिनची तेवीस जुलै म्हणजे मुंबईची पाच ऑगस्ट. संप मिटून आठवडा होऊन गेला होता. दिनविशेषाच्या यादीत मात्र दोन्ही नोंदी बिनदिक्कत एकाच तारखेखाली येऊ शकतात, आणि वाचणाऱ्याला वाटेल काय हा योग!

तिसरी तेवीस जुलै १९१६ ची. मंडालेहून सुटून टिळकांना दोन वर्षे झाली होती, ‘गीतारहस्य’ निघाले होते आणि एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीगची स्थापना झाली होती. त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून पुण्यात गायकवाड वाड्यात सत्कार झाला. लोकांनी वर्गणी काढून एक लाख रुपयांची थैली दिली. १९१६ चे लाख रुपये, हे लक्षात घ्या. टिळकांनी ते पैसे सार्वजनिक कामाला देऊन टाकले. त्याच दिवशी सरकारनेही आपली भेट पाठवली. पोलीस अधिकारी नोटीस घेऊन आले. होमरूलवरची भाषणे राजद्रोही आहेत, तेव्हा वर्षभर नीट वागण्याबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, अशी ती नोटीस. सरकारने दिवस पाहून ती काढली की कागद तयार व्हायला तेवढा वेळ लागला, हा वाद सोडून देऊ. पुढे प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले, टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि ९ नोव्हेंबरला तो हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणे म्हणजे राजद्रोह नव्हे, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि होमरूलच्या सभांना जोर चढला.

१८५६, १९०८, १९१६. या तीन नोंदी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. पहिलीमुळे तारखेला वजन आले आणि त्या वजनामुळे पुढच्या दोन लोकांच्या लक्षात राहिल्या. दिनविशेषात जोडून वाचाव्यात अशा नोंदी त्या या. परिपाठात पहिलीच ऐकू येते.

तेवीस जुलैच्या बाकी नोंदी झटपट आटोपता येतील. चंद्रशेखर आझाद १९०६ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या भाबरा गावी जन्मले. मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी सुरू केले. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते आणि कंपनी तीन वर्षांत बुडाली, हे सहसा सांगितले जात नाही. कॅप्टन लक्ष्मी २०१२ मध्ये कानपूरला वारल्या. जगाच्या यादीत १९१४ चा ऑस्ट्रियाने सर्बियाला दिलेला निर्वाणीचा खलिता आहे, ज्याच्यामागून पहिले महायुद्ध आले, आणि १९५२ मध्ये इजिप्तच्या राजाला घालवणारी लष्करी क्रांती आहे. हे सगळे महत्त्वाचे, पण एकमेकांना अनोळखी. शाळेत वाचावे, पाठ करायची गरज नाही. टिळक मंडालेत असताना ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता, आणि १९१० मध्ये त्याचा राजवाडा उभा राहिला, हा योगायोग तर रत्नागिरीकर प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. त्याला तारीख लागत नाही, म्हणून पुढे जाऊ.

तारखेचे हे सगळे प्रकरण मुळात आपल्याकडे नवे. गंगाधरपंतांच्या घरात मुलाच्या जन्माची नोंद झाली असेल ती आषाढ वद्य षष्ठी, शके १७७८ अशी. ही तिथी दर वर्षी वेगळ्या इंग्रजी तारखेला येते, कधी तेवीस जुलैच्या आधी, कधी नंतर. आपण टिळकांना तारखेने आठवतो आणि गणपती तिथीने बसवतो, त्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. वाटायचे कारणही नाही. पण दिनविशेषाची यादी करणाऱ्याला या दोन घड्याळांचा मेळ घालावा लागतो आणि तिथे गोंधळ होतो.

मालगुंडच्या केशवसुतांचेच पाहा. त्यांच्या जन्माच्या दोन तारखा पुस्तकांतून फिरतात, १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्याचे स्मारक आपण मालगुंडला उभारले, त्याच्या वाढदिवसाला नेमके कधी जायचे याचे उत्तर कोणते पुस्तक हाताशी आहे त्यावर ठरते. शिवजन्माचा वाद तर महाराष्ट्रभर गाजला. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१? दुसऱ्या तिथीला आधार देणारी जेधे शकावली टिळकांनीच मिळवली आणि ती १९१६ मध्ये प्रसिद्धीस आली. सरकारने अखेर १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली. ही तारीखही जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या कॅलेंडरने मोजले तर तो दिवस १ मार्च पडतो. कोणी आग्रह धरत नाही ते बरेच आहे.

टिळकांनी पंचांगातही हात घातला होता. सूर्य मेषेत कधी आला हे ठरवायला आरंभबिंदू कोणता धरायचा, या प्रश्नावर त्यांनी रेवती नक्षत्रातला तारा धरणाऱ्यांची बाजू घेतली. त्यातून आलेले टिळक पंचांग कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या, काही घरांत आजही पाळले जाते. दाते पंचांगापेक्षा त्याचा आरंभबिंदू सुमारे चार अंशांनी वेगळा. एरवी फरक जाणवत नाही, पण कधी अधिक महिना कोणता यावर दोघांचे पटत नाही आणि मग एकाच आळीत एका घरचा गणपती शेजाऱ्याच्या महिनाभर आधी येतो. बाजारात मूर्ती तयार नसते, मूर्तिकाराला आधीच सांगून ठेवावे लागते. ‘एकाच दिवशी घडलेली घटना’ हे शब्द आपण किती सहज वापरतो, त्यांचा अर्थ अशा घरात विचारावा.

दिवस सुरू कधी होतो, यावरही एकमत नाही. टिळकांचे देहावसान मुंबईच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटून गेल्यावर झाले, म्हणून तारीख १ ऑगस्ट १९२०. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने तो आदला दिवसच चालू होता. इंग्रजी घड्याळ मानले म्हणून १ ऑगस्टच्या खात्यावर तीन गोष्टी एकत्र आल्या. टिळक गेले, त्याच दिवशी गांधींची असहकाराची चळवळ ठरल्याप्रमाणे सुरू झाली आणि सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. साल तेच, तारीख तीच.

१ ऑगस्टला एखाद्या ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत डोकावा. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर दोन तसबिरी, एक पगडीतली आणि एक उघड्या डोक्याची. दोन हार, एक नारळ, एकच अध्यक्ष. ‘पुण्यतिथी व जयंती’ असे एका फलकावर लिहिलेले. महसूल खात्याचा महसूल दिनही त्याच दिवशी, त्यामुळे तहसीलदारांचा दिवस धावपळीत जातो. बोलणारा टिळकांवर पाच मिनिटे बोलतो, अण्णा भाऊंवर पाच मिनिटे बोलतो, दोघांना जोडणारे वाक्य क्वचितच सापडते. ते सापडण्यासारखे आहे. अण्णा भाऊ मुंबईच्या कामगारवस्तीत वाढले, गिरणीत काम केले, लाल बावट्याच्या कलापथकातून शाहिरी केली. १९०८ च्या संपाची आठवण जपली ती याच लाल बावट्याच्या चळवळीने. टिळकांच्या राजकारणातल्या अनेक गोष्टी या चळवळीला मान्य नव्हत्या, अण्णा भाऊंच्या लेखनातला माणूस टिळकांच्या लेखनात फारसा दिसत नाही, हेही खरे. एका टेबलावर दोन तसबिरी ठेवल्याच आहेत तर हे बोलायला हवे. नाहीतर हार एकाच दुकानातून आणता आले, एवढाच एका तारखेचा फायदा.

काही तारखा मुद्दाम निवडलेल्या असतात. १ मे हे त्याचे ठळक उदाहरण. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले ते कामगार दिन पाहून. मग त्याच तारखेला १९८१ मध्ये रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९८ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी कोकण रेल्वेचे लोकार्पण केले तेही १ मे रोजी. या तीन घटना एका तारखेला आल्या त्यात नशिबाचा भाग नाही, मंत्रालयाचा आहे. सरकारला सोयीची तारीख सापडली की ती पुन्हा पुन्हा वापरली जाते. उलट बाजूचे उदाहरण सावरकरांचे. जानेवारी १९२४ मध्ये ते रत्नागिरीत स्थानबद्ध होऊन आले. पतितपावन मंदिर इथेच भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभे राहिले आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्वांना खुले झाले. त्यांची बिनशर्त सुटका झाली १० मे १९३७ रोजी. १८५७ च्या उठावावर ग्रंथ लिहिणारा माणूस, आणि सुटला मेरठच्या उठावाच्या ऐंशीव्या स्मृतिदिनी. तारीख कोणी ठरवून घेतली नव्हती, पण सावरकरांचा प्रत्येक चरित्रकार तिथे थांबतो. या तारखांपैकी मला विचाराल तर २२ फेब्रुवारी सर्वांत मोठी. दलितांसह सगळ्यांनी एका गाभाऱ्यात जाण्याची ती तारीख, आणि रत्नागिरी शहराच्या बाहेर ती फारशी कोणाला सांगता येत नाही.

हे झाले छापील दिनविशेष. कोकणी माणसाचे स्वतःचे दिनविशेष वेगळे आहेत आणि ते बहुतेक पाण्याचे आहेत. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या किनाऱ्यावरच्या दोन प्रवासी बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिना उरला नव्हता. तो दिवस लोकांनी तारखेने लक्षात ठेवलाच नाही, गटारी अमावस्येची बोट असेच म्हणत आले. १९०८ चा संपकरी याच किनाऱ्यावरच्या बोटींनी गावी येत-जात होता. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. कुठल्या फळ्यावर ही तारीख लिहिली जाते?

आणि २२ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून सह्याद्रीवर पाऊस थांबला नव्हता. वाशिष्ठीला तिचे पाणी, शिव नदीचे पाणी, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, खाली समुद्राची भरती. पहाटेपर्यंत चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आगारात एसटीच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. आगारातले अधिकारी रोकड घेऊन एका गाडीच्या टपावर चढले आणि तासन्‌तास तिथेच बसून राहिले. त्याच दिवशी पलीकडे महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला, इकडे खेडजवळ पोसरे गावात दरड कोसळली. चिपळुणात पाण्यात सापडलेल्या इमारतींत एक वाचनालयही होते. १८६४ मध्ये सुरू झालेले, २०१३ चे अखिल भारतीय साहित्य संमेलन आपल्या गावात भरवणारे. हजारो पुस्तके भिजली. पूर ओसरल्यावर कार्यकर्ते पाने उघडून वाळवत बसले, फुगलेली, चिखल बसलेली पुस्तके टाकून द्यावी लागली. २००५ च्या पुरातही त्या वाचनालयावर हीच वेळ आली होती. त्याचे नाव लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर.

टिळकांना शिक्षा झाली ती २२ जुलैच्या रात्री आणि त्यांच्या नावाचे वाचनालय बुडाले तेही २२ जुलैला. मोबाइलवरचे संदेश लिहिणाऱ्यांच्या हाती हे लागले तर त्यातून ते काहीही काढतील. यात काढण्यासारखे काही नाही, हा शुद्ध योगायोग. जुलैचा शेवटचा पंधरवडा कोकणात पुराचाच असतो, १९०८ सालीही पाऊस होताच. पण चिपळूणच्या ज्या मुलाने त्या दिवशी माळ्यावर रात्र काढली, त्याच्या दृष्टीने २२ जुलै ही तारीख आता इतिहासाची आहे. दिनविशेषात ती नसेल तर दिनविशेष दुसऱ्याच कुठल्यातरी गावाचा आहे असे त्याला वाटेल, आणि त्यात त्याचे चुकणार नाही.

म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती. यंदा तेवीस जुलैच्या फळ्यावर १८५६ च्या खाली १९०८ चा संप आणि १९१६ ची नोटीस लिहा, आणि आदल्या दिवशीच्या फळ्यावर आपल्या तालुक्यातला पूर, दरड, जे असेल ते लिहा. आझादांना, रेडिओला जागा उरेलच. आणि पालकांना दुसरी विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर पणजोबांचा गिरणीतला बिल्ला, पगाराची पावती, बोटीचे तिकीट किंवा मुंबईहून आलेले जुने पत्र असेल, त्यांनी ते एक दिवस शाळेत दाखवायला द्यावे. त्यावर तारीख असेल तर मुलाला ती वहीत उतरवून घेऊ द्या. कागद मात्र परत आणून कोरड्या जागी ठेवा.